केचलचा एक पाय विहिरीत

सर्चावा गावात बायीझ कधी हसला नव्हता. याचं कुणाला वाईट वाटत नसे, उलट ती गावाची एक सोय होती. भांडण मिटवायला त्याला मध्ये बसवत, कारण दोन्ही बाजूंना वाटे की हा आपल्यावरच नाराज आहे, आणि दोन्ही बाजू आपोआप नरमत. तो रॉकेलच्या शेगड्या दुरुस्त करायचा. गिऱ्हाइकाने शेगडी पुढे ठेवली की तो तिच्याकडे नुसता बघे. थोड्या वेळाने गिऱ्हाईकच म्हणे, "बरं बाबा, माझ्याच हातून पडली."

लग्न दोनदा जमता जमता राहिलं. दोन्ही वेळा मुलीच्या बापाने विचारलं, "मुलगा नाराज आहे का?" दोन्ही वेळा बायीझ म्हणाला, "नाही, फार आनंदात आहे." त्यानंतर बोलणी पुढे सरकली नाहीत.

पन्नाशी उलटली तरी तो आईबरोबर राहत होता. आईचं नाव माहपारे. ती नव्वदीच्या पुढे कुठेतरी होती. कफन शिवून तयार होतं आणि दर वसंतात ती ते दोरीवर उन्हात घालायची, शेजारणी गाद्या घालतात तसं. मरणाबद्दल तिची तक्रार नव्हती, फक्त एक अट होती: केचलच्या गोष्टीचा शेवट ऐकल्याशिवाय ती मरणार नव्हती.

ही गोष्ट गुलंदामआत्याची, म्हणजे सगळ्या गावाच्या आत्याची. हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद झाले की गुलंदामआत्याच्या घरी शेगडीभोवती लोक जमत आणि ती सांगायला लागे. केचल म्हणजे टकल्या, विधवेचा एकुलता एक पोरगा. त्याच्या आईची एकुलती एक बकरी राक्षस पळवून विहिरीत नेतो आणि केचल ती सोडवायला निघतो. वाटेत तो सात राक्षसांना फसवतो, एका राक्षसिणीकडून स्वतःच्या टकलाला तेल लावून घेतो, आणि शेवटी विहिरीवर पोचतो. एक पाय आत टाकतो. इथे आत्या विडी विझवायची आणि म्हणायची, "चला, आपापल्या घरी. दारं नीट लावा."

कितीतरी हिवाळे केचल तसाच उभा होता. तो गावाच्या बोलीत शिरला. पुलाचं काम अडलं की लोक म्हणत, "पुलाचा एक पाय विहिरीत आहे." साखरपुडा झालेल्या आणि लग्न न ठरलेल्या मुलीबद्दल हेच म्हणत. एकदा शहरातून एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आला, गोष्ट उतरवून घेतली आणि पुस्तकात छापली. पुस्तकात विहिरीनंतर तीन टिंबं आहेत. आत्याला ते पान दाखवलं तेव्हा तिने टिंबांवर बोट ठेवून विचारलं, "हे कोण?"

गोष्ट संपल्याची खूण गावात सगळ्यांना ठाऊक होती. सांगणारी बाई म्हणते, 'मीही तिथे होते, परत आले, मला कुणी काही दिलं नाही.' हे वाक्य आलं की गोष्ट मेली, आता उठा. ते येईपर्यंत गोष्ट जिवंत. केचलच्या गोष्टीत ते कधी आलं नव्हतं.

आईची अट म्हणजे म्हातारपणाची बडबड, असं गावात कुणी मानत नसे. तिने शब्द मोडलेला कुणी पाहिला नव्हता. भावाने तांब्याचं पातेलं परत केल्याशिवाय त्याच्याशी बोलणार नाही, असं ती तरुणपणी म्हणाली होती. भावाने ते नातवंडं झाल्यावर परत केलं. त्याच दुपारी ती त्याला म्हणाली, "बुडाला पोचा आलाय." आदल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला, डॉक्टरने बायीझला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला, शेजारणी रडायच्या तयारीने आल्या. आईने डोळे उघडले.

"गुलंदामने शेवट सांगितला?"

"नाही," बायीझ म्हणाला.

"मग मला उठवून बसवा. आणि या बाया का आल्यात? चहा करा त्यांना."

त्या दिवसापासून बायीझ गुलंदामआत्याची शेगडी फुकट दुरुस्त करू लागला. आत्याने शेवट सांगू नये, एवढीच त्याची जगाकडून अपेक्षा होती.

*

नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या, आधीचे काही दिवस सर्चाव्यात मीराचे असतात. गाव आपल्यातलाच एक माणूस धरतं, त्याला मीर म्हणजे राजा करतं, आणि तेवढे दिवस त्याचा हुकूम सगळ्यांना मानावा लागतो. मीराला दोन वजीर. उजवा वजीर शहाणे हुकूम काढतो आणि डावा वेड्यासारखे. मीराला एकच बंधन: त्याने हसायचं नाही. हसला की राज्य गेलं. मग त्याने पळायचं, आणि सगळ्या गावाने बादल्या घेऊन मागे लागायचं. कुणी दार उघडून त्याला आत घेतलं तर तो वाचला. दंड केलेल्या लोकांची दारं सहसा उघडत नाहीत.

मधली बरीच वर्षं ही चाल बंद पडली होती, कारण प्रत्येक मीर पहिल्या दुपारीच हसायचा आणि मार्चच्या थंडीत भिजून आजारी पडायचा. त्या वर्षी न्हावी सुवारा म्हणाला, "आपल्याकडे बायीझ असताना आपण मीर शोधतोय? नदीकाठी राहून पाणी विकत घेण्यातला प्रकार झाला."

बायीझला सुवाराच्याच दुकानातल्या फिरत्या खुर्चीवर बसवून चौकात आणलं. अंगावर लाल रजई, डोक्यावर चाळणी. सुवारा डावा वजीर झाला. उजवा वजीर म्हणून निवृत्त रसूलमास्तरांना नेमलं, कारण शहाणपण सांगायची सवय त्यांना सुटत नव्हती.

रसूलमास्तरांनी हुकूम काढला की गटारं साफ करावीत आणि दोघा भावांनी कुंपणाचं भांडण मिटवावं. सुवाराने हुकूम काढला की ज्याच्या मिशा मीरापेक्षा लांब असतील त्याने फरक कापून चौकात जमा करावा, ऊन मीराच्या डोळ्यांत जातंय म्हणून सूर्याला तीन अक्रोड दंड, आणि हाजी समदच्या मांजराने मीराकडे पाठ करून बसल्याबद्दल माफी मागावी. सुवाराचे हुकूम गावाने संध्याकाळच्या आत पाळले. मांजराने माफी मागितली. निदान हाजी समद त्याला उचलून आणून वाकवत होता हे सगळ्यांनी पाहिलं. सूर्याचा दंड सूर्याच्या वतीने बेकरीवाल्याने भरला. गटारांचं अजून चाललंय.

मीराला हसवण्यासाठी लोकांनी काही बाकी ठेवलं नाही. बोकडाला नवरदेवाचा पोशाख घालून आणलं. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या सावलीवर पाय दिल्याची फिर्याद केली आणि पुरावा म्हणून सावल्या हजर केल्या. एकाने स्वतःच्या सासूची नक्कल केली, सासूने गर्दीतून उठून त्याची केली. गाव लोळलं. बायीझने फक्त विचारलं, "पुढचं कोण?"

पुढची त्याची आई होती.

ती काठी टेकत आली, गर्दीने वाट दिली. खुर्चीसमोर उभी राहून तिने मुलाकडे असं पाहिलं की जणू तो तिला बाजारात पहिल्यांदाच दिसतोय.

"मीरा, फिर्याद आहे."

"आई, घरी बोलू."

"आई कुणाला म्हणतोस? मी रयत आहे." ती गर्दीकडे वळली. "गुलंदामने केचलला अर्धी जिंदगी विहिरीवर उभा ठेवलाय. मला शेवट हवा. मीराने हुकूम द्यावा."

गर्दीतून एकच आवाज उठला. सगळ्यांनाच शेवट हवा होता. बायीझने डोक्यावरची चाळणी सरळ केली. तोंडावर काही दिसलं नाही, तिथे कधीच काही दिसत नसे.

गुलंदामआत्याला बोलावलं. ती आली, खुर्चीच्या पायरीवर बसली, आधी चहा मागितला, मग विडी.

"आत्या, शेवट आहे ना?" रसूलमास्तरांनी विचारलं.

"आहे म्हणजे? असा आहे की ऐकाल तर घरची वाट विसराल."

"मग सांगत का नाहीस?" आई म्हणाली.

"तू मरशील म्हणून. तू मेलीस तर मी संध्याकाळी भांडू कुणाशी? तुझ्या या पोराशी? त्याला शिवी दिली तरी आभार मानतो."

"माझ्या मरणाची काळजी तू कशाला करतेस? तुझ्या कोंबड्यांची कर, सगळ्या लंगड्या आहेत."

"लंगड्या आहेत तरी अंडी घालतात. तू काय घालतेस? कफन उन्हात घालतेस."

डावा वजीर म्हणाला, हुकूम द्यावा. उजवा वजीरही म्हणाला, हुकूम द्यावा. दोन्ही वजिरांचं एकमत झाल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. मीराला सुटकेची फट उरली नाही.

बायीझला एक मार्ग सुचला. आपणच हसावं. राज्य जाईल, फिर्याद बुडेल, नवा मीर निवडेपर्यंत नवरोज येईल. त्याने तोंड उघडलं. दात दाखवले. खांदे हलवून पाहिले, लोक हलवतात तसे. घशातून एक आवाज काढला.

"पाणी आणा," सुवारा ओरडला, "मीराच्या घशात काहीतरी अडकलंय!"

कुणीतरी त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले. बायीझने तोंड मिटलं. पन्नास वर्षं न शिकलेली गोष्ट अशी चौकात उभ्या उभ्या येत नाही, हे त्याला पटलं.

मग तो म्हणाला, "निकाल असा. शेवट मीराच्या कानात सांगावा. मीर गावाच्या वतीने ऐकेल. गावाने ऐकला असं समजावं."

"आणि मी?" आई म्हणाली.

"तू गावात मोडतेस."

आईने काठी आपटली. "नऊ महिने पोटात वाढवला," तिने गर्दीला सांगितलं, "आणि वकील निघाला." ती पाठ फिरवून घरी निघाली. तिला कुणी थांबवलं नाही. गुलंदामआत्याने चहा संपवला, विडी संपवली, पदराला हात पुसले, उठली, आणि बायीझच्या कानाशी वाकली. चौक इतका शांत झाला की बोकडाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

"बायीझ, बाळा," आत्या कुजबुजली, "तुला आठवतो का रे तो शेवट?"

बायीझने चाळणीखालून तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या डोक्यातून गेला. ज्या वर्षी टोमॅटोचा रस उतू गेला ना, त्याच वर्षी. बाहेर बोलू नकोस. तुला काही माहीत असेल तर हळूच सांग, मी मोठ्याने सांगते."

सुरुवातीला कुणाला कळलं नाही. फार दिवसांनी पेटवलेली शेगडी आधी धूर सोडते, मग फट्कन आवाज करते, मग एकदम निळी ज्योत धरते, तसं काहीसं बायीझच्या चेहऱ्यावर झालं. चाळणी डोक्यावरून घसरली. खुर्ची हसण्याच्या जोराने स्वतःभोवती फिरली आणि त्याचा लाल चेहरा गावाला आळीपाळीने दिसत राहिला. चौक घाबरून गप्प होता.

"हसला," सुवारा म्हणाला. मग त्याला अर्थ कळला. "अरे, हसला! बादल्या!"

*

बायीझ पळाला. बेकरीवाल्याच्या दाराशी गेला, दार बंद झालं. हाजी समदच्या दाराशी गेला, खिडकीतून मांजराने त्याला पाहिलं आणि पाठ केली. मिशा कापलेल्यांनी तर दारं आधीच लावून घेतली होती. मागून बादल्यांचा खणखणाट आणि सगळं गाव. पहिलं पाणी मानेवर पडलं तेव्हा तो स्वतःच्या घराशी पोचला होता.

दाराला आतून कडी होती.

"आई, उघड!"

"तू हसलास म्हणे." आईचा आवाज दाराच्या अगदी मागून आला. ती उंबऱ्याशी स्टूल टाकून बसली असावी.

"हो. उघड."

"जन्मात हसला नाहीस. पाळण्यात खुळखुळा वाजवला तर त्याच्याकडे बघून कपाळाला आठ्या घालायचास. म्हणजे शेवट तसाच असणार." कडी हलली, पण उघडली नाही. "सांग. मग उघडते."

गर्दी अंगणात शिरली. बायीझने ओला कान दाराला लावला. शेवट नाहीच म्हणावं, तर आई ज्याच्यासाठी थांबली होती ते उरत नव्हतं, आणि गुलंदामआत्या उद्यापासून गावात नुसती कोंबड्यांची म्हातारी होणार होती. खोटा शेवट जोडावा, तर आई शब्दाला जागून दुपारच्या चहाच्या आत मरणार. खांद्यावर दुसरी बादली रिकामी झाली.

"केचलने," बायीझ म्हणाला, "दुसरा पाय उचलला."

अंगण थबकलं. वर उचललेल्या बादल्या वरच राहिल्या.

"मग?" दार म्हणालं.

"विहिरीतून आवाज आला. 'पाय पुसून ये.'"

"कुणाचा?"

"राक्षसाच्या आईचा."

"राक्षसाला आई होती?"

"सगळ्यांना असते. ती म्हणाली, 'आत्ताच झाडून काढलंय, हे चिखलाचे पाय घेऊन उतरू नकोस.' केचलने पाय पुसले. त्याच्याकडे फडकं नव्हतं, म्हणून टकलावरची टोपी काढून तिने पुसले. खाली उतरला. म्हणाला, 'माझ्या आईची बकरी दे.' ती म्हणाली, 'बकरी घरी नाही.'"

"कुठे गेलीय?"

बायीझने विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर विचार दिसला नाही. "लग्नाला."

अंगणातून हसण्याचा लोंढा आला. एकाच्या हातची बादली स्वतःच्याच पायावर सांडली. बायीझ शेगडीकडे बघावं तसा दाराकडे बघत उभा होता. तो हसत नव्हता. चेहरा जुन्या सवयीवर परत गेला होता.

"कुणाच्या लग्नाला?" मागून हाजी समद ओरडला.

"थांब ना, सांगतोय तो!" सुवाराने त्याला गप्प केलं. "बायीझदादा, ती आली कधी परत? का तिथेच राहिली?"

आत कडीचा खणकन आवाज झाला. दार उघडलं. आईने बायीझची गचांडी धरली आणि त्याला आत ओढलं. मग अंगणाकडे पाहून म्हणाली, "फुकट्यांनो! माझ्या दारात, माझ्या पोराकडून, माझी गोष्ट ऐकता? ऐकायची असेल तर चपला काढून आत या, आणि येताना कुणीतरी साखर आणा. आमच्याकडची संपलीय."

निम्मं गाव आत आलं, उरलेलं खिडक्यांत उभं राहिलं. बादल्यांमधलं उरलेलं पाणी चहासाठी सामोवारात, त्या मोठ्या तोटीच्या भांड्यात, ओतलं. बायीझ टॉवेल गुंडाळून बसला आणि त्याने केचलला विहिरीच्या तळाशी वऱ्हाडाची वाट बघायला लावलं. मध्येच आई त्याच्याकडे वाकली.

"ते वाक्य कधी येणार?"

"कुठलं?"

"भोळा होऊ नकोस. 'परत आले, कुणी काही दिलं नाही.'"

"त्याला वेळ आहे," बायीझ म्हणाला. "अजून बकरीचे नातेवाईकच आले नाहीत."

आईने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्या तोंडावरून कुणाला कधी काही कळलं नव्हतं, तिलाही नाही. ती मागे टेकली आणि चहात साखरेचा खडा बुडवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोष्टीत बकरीची मावशी वऱ्हाडात रुसून बसली होती, तेव्हा गुलंदामआत्या आली. आदल्या दिवसापासून ती घराबाहेर पडली नव्हती. ती दाराशी उभी राहून ऐकत राहिली. मग सरळ पुढे आली, आईच्या शेजारच्या उशीवर बसली आणि विडी पेटवली.

"चूक," ती म्हणाली.

बायीझ थांबला. "काय चुकलं, आत्या?"

"बकरी लग्नाला नव्हती गेली. सुंतेला गेली होती. राक्षसाच्या धाकट्या पोराच्या. लग्न नंतर आहे, तू मध्येच घुसवलंस. आणि राक्षसाची आई एका डोळ्याने आंधळी आहे, तिला चिखल दिसला कसा? नाक तिखट आहे तिचं, तिला वास आला. सांगायचं तर नीट सांगावं."

"तुम्हाला आठवलं?"

"मी विसरले कधी होते?" आत्याने खोलीभर नजर फिरवली. रसूलमास्तरांनी मान डोलावली, जणू त्यांनाही सुंतेचं पहिल्यापासून ठाऊक होतं.

आई सरसावून बसली. "मग शेवटही आठवत असेल."

"आहे की."

"सांग."

"नाही सांगणार," गुलंदामआत्या म्हणाली, आणि बायीझला हाताने खूण केली, की चालू दे, सुंतेपासून घे.